गिम्प टर्मिनलमधून चालवून १,६४० पानं साफ करता येतील का?

शाईदौत

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात १९५३ ते १९६१ या काळातली हस्तलिखित मासिकं आहेत. शाळामास्तर, पोस्टातले कारकून, दोन-तीन गृहिणी अशांनी मिळून काढलेली. प्रत्येक अंकाची एकच प्रत असायची आणि ती घरोघरी वाचायला फिरायची. टाकाने लिहिलेलं देखणं अक्षर, मधे मधे जलरंगातली चित्रं. कागद आता बिस्किटासारखा झालाय, पान उलटताना कडा तुटून हातात येतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघींनी बसून सगळी पानं स्कॅन केली. १,६४० भरली.

आता ती गिम्पमध्ये, म्हणजे चित्रं-फोटो दुरुस्त करायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये, साफ करतेय. प्रत्येक पानाला तेच. उघडायचं, लेव्हल्समधून कागदाचा पिवळेपणा कमी करायचा, अक्षरं ठसठशीत व्हायला अनशार्प मास्क लावायचा, रुंदी १,६०० पिक्सेल करायची, जेपेग म्हणून बाहेर काढायचं. पानाला दोन मिनिटं धरली तरी जवळपास ५५ तास होतात. ऐकलंय की गिम्प न उघडताच टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, आज्ञा देऊन हे सगळं एकगठ्ठा करता येतं. कुणी केलंय का? कुठून सुरुवात करू? माझ्याकडे विंडोज आहे, गिम्प २.१०. प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही, पण शिकायची तयारी आहे.

कोपरखळी

५५ तास न थांबता चाललात तर पुण्याहून पंढरपूर गाठाल हो. माउली तुमच्या पाठीशी आहे, जाणकार येतीलच. धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

मूळप्रत

शाईदौतताई, काम फार मोलाचं करताय. स्क्रिप्टचं सांगणारे येतीलच, त्याआधी दोन प्रश्न. स्कॅन कोणत्या प्रकारात आहेत? आणि मूळ फाइलींची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे?

जेपेग प्रत्येक वेळी जतन करताना थोडं थोडं झिजतं. मूळ टिफमध्ये असेल तर उत्तम. मूळ फाइलींचा फोल्डर फक्त-वाचनीय करून टाका आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा. हाताने चूक झाली तर एक पान जातं, स्क्रिप्टने चूक झाली तर १,६४० जातात.

शाईदौत

टिफच आहेत, ३०० डीपीआय. प्रत एकाच डिस्कवर होती. तुमचा प्रतिसाद वाचून दुसरी केली, ती उद्या बहिणीकडे ठेवायला देते.

रात्रपाळी

हे नक्की होतं. फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठी आहे, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना रोमन अक्षरांत करा.

गिम्पला आज्ञा देताना पुढे डॅश आय लावलं की तो खिडकी न उघडता चालतो. डॅश बी लावून अवतरणचिन्हांत जे लिहाल ते तो चालवतो. शेवटी आणखी एक डॅश बी आणि त्यात गिम्प-क्विट शून्य. हे शेवटचं विसरलात तर काम संपूनही गिम्प मागे बसून राहतो आणि आपण वाट बघत राहतो. विंडोजवर गिम्पच्या बिन फोल्डरमध्ये गिम्प-कन्सोल-२.१० नावाची वेगळी फाइल असते, ती वापरा. त्यात चुकांचे संदेश समोर दिसतात.

अवतरणचिन्हांत जे लिहायचं त्या भाषेचं नाव स्क्रिप्ट-फू. मुळात ती लिस्प घराण्यातली स्कीम आहे. गिम्पमधलं जवळजवळ प्रत्येक काम तिथे नावाने हाक मारून करता येतं. हेल्प मेनूत प्रोसिजर ब्राउझर उघडा आणि शोधात 'स्केल' टाका. गिम्प-इमेज-स्केल दिसेल, तिला प्रतिमा, रुंदी आणि उंची हवी असं खाली लिहिलेलं असेल. पहिले दोन दिवस नुसतं हे चाळा. मेनूत जे हाताने करता त्यातल्या प्रत्येकाचं नाव तिथे शोधून वहीत उतरवून ठेवा. स्क्रिप्टचा निम्मा भाग तीच वही असते.

आंबोळी

पण गिम्पच का? एवढ्याच कामासाठी इमेजमॅजिक बसवा. नारळ खवायला खवणी पुरते, त्यासाठी अख्खा ओटा मांडायला नको.

इमेजमॅजिक जन्मापासून टर्मिनलसाठीच आहे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये असताना लिहायला घेतलं, १९९० मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. लेव्हल, अनशार्प, रिसाइझ हे सगळं एका ओळीत बसतं. मॉग्रिफाय या आज्ञेला फोल्डर दाखवला की सगळ्या फाइली एका फटक्यात. कंस नाहीत, स्कीम नाही.

विंडोजवर एक लक्षात ठेवा. जुन्या लेखांत 'कन्व्हर्ट' अशी आज्ञा दिलेली असते, पण त्या नावाची विंडोजची स्वतःची आज्ञा आहे आणि ती डिस्कची फाइल-पद्धत बदलण्यासाठी आहे. आवृत्ती ७ पासून आज्ञेचं नाव 'मॅजिक' आहे, तेच वापरा.

खडूफळा

मॉग्रिफायबद्दल कळकळीने सांगते. ही आज्ञा मूळ फाइलीवरच लिहिते. मी स्नेहसंमेलनाचे तीनशेवर फोटो संकेतस्थळासाठी लहान करायला गेले. पाच सेकंदांत काम झालं म्हणून खूश झाले. आठवड्याने एका पालकांनी मुलीचा नाचतानाचा फोटो मोठा करून मागितला तेव्हा कळलं की सगळे फोटो ४०० पिक्सेलचे होऊन बसलेत. कॅमेऱ्याचं कार्डही तोवर पुसलेलं. तो फोटो मला त्यांना देता आला नाही, त्याची आजही खंत आहे.

मॉग्रिफायला डॅश पाथ लावून वेगळा फोल्डर द्या, म्हणजे नवीन फाइली तिकडे जातात. फोल्डर आधी तयार असावा लागतो. मूळप्रत यांनी पहिल्याच प्रतिसादात जे लिहिलंय ते आधी, मग बाकी सगळं.

रात्रपाळी

आंबोळी, साध्या कामाला इमेजमॅजिक हे मान्य. पण ताईंना पुढे चित्रांच्या पानांवर थर, मास्क, निवड असं काही लागलं तर गिम्पच हवा. इमेजमॅजिक गिम्पची एक्ससीएफ फाइल वाचू शकतं, लिहू शकत नाही. शिवाय त्यांचा हात गिम्पवर बसलाय. जे हाताने येतं तेच आज्ञेत उतरवणं नवख्या माणसाला सोपं जातं, असा माझा अनुभव.

आंबोळी

हात बसलाय हा मुद्दा पटला. बाकी बाबतीत माझं मत कायम.

दवबिंदू_७

मी वीस वर्षं लग्नाचे अल्बम करतो. मला हे स्क्रिप्टचं प्रकरण पटत नाही. प्रत्येक पान वेगळं असतं. एकावर चहाचा डाग, दुसऱ्यावर ओल, तिसऱ्याची शाई फिकट. सगळ्यांना एकच लेव्हल्स लावल्या तर फिकट शाईचं पान कोरं होईल आणि डागाचं काळं. हाताने करा ताई, वेळ लागू दे. घाई कोणाला आहे?

शाईदौत

दवबिंदूदादा, घाई अशी नाही, पण ज्यांनी ही मासिकं लिहिली त्यांच्यातल्या एक आजी आज ९१ वर्षांच्या आहेत. त्यांना पडद्यावर त्यांचं पान मोठं करून दाखवायचंय. त्यांना डोळ्यांनी नीट दिसतंय तोवर.

प्रगती सांगते. रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे वही केली. एका पानावर करून बघितलं. दोन अडचणी आल्या. इंटरनेटवरचं उदाहरण जसंच्या तसं टाकलं तर विंडोज 'फाइल सापडत नाही' म्हणतं. आणि कशीबशी आज्ञा गेली तर 'इव्हॅल अनबाउंड व्हेरिएबल' असा संदेश येतो.

कंसातला_माणूस

माझा आवडता विषय निघाला, आता मी हलत नाही.

पहिली अडचण अवतरणचिन्हांची. इंटरनेटवरची उदाहरणं लिनक्सची असतात, तिथे पूर्ण आज्ञा एकेरी अवतरणांत असते. विंडोजच्या सीएमडीला, म्हणजे तिथल्या टर्मिनलला, एकेरी अवतरण कळत नाही, बाहेर दुहेरी द्यावं लागतं. मग आतल्या फाइलनावाच्या प्रत्येक दुहेरी अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ हवी. त्यात फाइलच्या पत्त्यातही विंडोज उलट्या रेघा वापरतं, आणि स्कीमला त्या रेघेचा अर्थ वेगळा लागतो. म्हणून पत्ता लिहिताना सरळ तिरकी रेघ वापरा, विंडोजवरही चालते.

या कटकटीतून कायमचं सुटायचं असेल तर आज्ञा टर्मिनलमध्ये लिहूच नका. साध्या नोटपॅडमध्ये एक फंक्शन लिहा, त्याला नाव द्या, समजा 'पान-साफ'. फाइलला एससीएम हे शेपूट लावा आणि गिम्पच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टाका. तो कुठे आहे ते प्रेफरन्सेसमध्ये फोल्डर्सखाली दिसतं. मग टर्मिनलमध्ये फक्त त्या नावाने हाक मारायची.

'अनबाउंड व्हेरिएबल' म्हणजे गिम्प सांगतोय, या नावाचं मला कुणी माहीत नाही. दहापैकी नऊ वेळा नावात अंडरस्कोर आणि डॅशची गल्लत असते. स्क्रिप्ट-फूमध्ये सगळीकडे डॅश.

आता 'कार'. याने सगळे अडखळतात. गिम्पला तुम्ही फाइल उघडायला सांगितली की तो उघडलेली प्रतिमा सुटी हातात देत नाही, यादीत घालून देतो. एकच वस्तू असली तरी यादीतच. पेढा एकच, पण बॉक्समध्ये. कार म्हणजे यादीतलं पहिलं काढून घेणं. म्हणून प्रत्येक फाइल-लोडच्या बाहेर कार लिहायचं. नाही लिहिलं तर पुढच्या फंक्शनला पेढ्याऐवजी बॉक्स मिळतो आणि ते रुसतं.

कोपरखळी

एवढे कंस बघून मला एकच आठवलं. देवकीचा आठवा आला की कंसाचा शेवट होतो. ताई, तुम्हीही आठवा कंस बंद केलात की बघा, स्क्रिप्ट चालेल.

कंसातला_माणूस

कोपरखळी, हे वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर लिहून आलो.

सोनचाफा

मुळात एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमला लिस्पसारखी भाषा का घेतली असेल?

कंसातला_माणूस

अवांतर होतंय पण सांगतो. गिम्प १९९५ मध्ये बर्कली विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस. पहिल्या आवृत्त्या मोटिफ नावाच्या विकतच्या बटणं-खिडक्यांच्या संचावर उभ्या होत्या. तो नको म्हणून मॅटिसने स्वतःचा संच लिहिला. तोच जीटीके, ज्यावर पुढे अख्खं ग्नोम डेस्कटॉप उभं राहिलं. १९९८ च्या १.० आवृत्तीतही स्क्रिप्ट-फू होतंच. स्कीमचा इंटरप्रिटर अगदी चिमुकला असतो, पोटात घेऊन फिरायला जड नाही. आधी सायॉड होता, २.४ पासून टायनीस्कीम आहे. पायथन नंतर आलं.

स्कीमचं व्याकरण पाच मिनिटांत संपतं. कंस, पहिलं नाव कामाचं, पुढची त्याची सामग्री, कंस बंद. संस्कृतातल्या धातुरूपांपेक्षा कितीतरी सोपं आहे.

दवबिंदू_७

ताई, आजींचं वाचलं. त्या दिवशी मी जरा एकतर्फी लिहिलं. स्क्रिप्ट मला येत नाही, पण जुन्या पिवळ्या फोटोंसाठी आम्ही काय करतो ते सांगतो. तुमच्या कामाला लेव्हल्सपेक्षा हे बरं.

पानाच्या थराची (लेयरची) वर आणखी एक प्रत करा. वरच्या प्रतीला गॉशियन ब्लर द्या, एवढा मोठा की अक्षरं पूर्ण विरघळून नुसता कागदाचा रंग राहील. ३०० डीपीआयला साठ-ऐंशी पिक्सेल देऊन बघा. मग त्या वरच्या थराचा मोड डिव्हाइड करा. बस.

काय होतं ते बघा. प्रत्येक ठिकाणचा रंग त्याच्या आजूबाजूच्या कागदाने भागला जातो. कागद भागिले कागद म्हणजे एक, म्हणजे पांढरा. शाई भागिले कागद म्हणजे शाईच उरते. ओलीचा डाग जिथे असेल तिथला भागाकारही डागानेच होतो, म्हणून डागही जातो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे भागले जातात म्हणून पिवळेपणा जातो, पण निळी शाई निळीच राहते. प्रत्येक पानाचा आकडा वेगळा ठरवावा लागत नाही, पानच तो ठरवतं.

रात्रपाळी

दवबिंदूदादा, दंडवत. 'प्रत्येक पान वेगळं असतं' या तुमच्याच आक्षेपावर हे उत्तर आहे, आणि शब्दशः स्क्रिप्टमध्ये घालण्याजोगं. माझ्या डोक्यात लेव्हल्सचे आकडे कसे ठरवायचे हेच चाललं होतं.

ताई, २.१० साठी क्रम असा ठेवा. गिम्प-फाइल-लोड, मग थर हातात घ्या, गिम्प-लेयर-कॉपी, गिम्प-इमेज-इन्सर्ट-लेयर, वरच्यावर प्लग-इन-गॉस, गिम्प-लेयर-सेट-मोड, गिम्प-इमेज-फ्लॅटन, गिम्प-इमेज-स्केल, प्लग-इन-अनशार्प-मास्क, फाइल-जेपेग-सेव्ह आणि शेवटी गिम्प-इमेज-डिलीट.

यात तीन खड्डे आहेत. फ्लॅटन केल्यावर आधीचा थर उरत नाही, नवीन तयार होतो. जुन्याच थराला अनशार्प लावायला गेलात तर 'इनव्हॅलिड आयडी' येतं. फ्लॅटननंतर थर पुन्हा हातात घ्या. दुसरं, स्क्रिप्टमध्ये जेपेगची गुणवत्ता शून्य ते एकमध्ये द्यायची. खिडकीत ९० दिसतं म्हणून ९० लिहिलं तर चालत नाही, ०.९ लिहा. तिसरं, डिलीट विसरलात तर प्रत्येक पान मेमरीत साठत जातं आणि शे-दोनशे पानांनंतर मशीन गुदमरतं.

आणि प्रत्येक पानासाठी गिम्प नव्याने सुरू करू नका. दर वेळी तो ब्रश, पॅटर्न, फॉन्ट सगळं गोळा करत बसतो. एकदाच सुरू करा, आत फाइल-ग्लॉबने फोल्डरमधल्या सगळ्या टिफची यादी घ्या आणि तिच्यावर फेरी मारा. सुरू करताना डॅश डी दिलं तर ब्रश-पॅटर्न टाळले जातात, डॅश एफ दिलं तर फॉन्ट.

टोरांटोकर

डॅश एफवरून आठवलं. मी डॅश एफ देऊन मजकूर लिहायची स्क्रिप्ट चालवली होती आणि अक्षरंच उमटेनात. फॉन्टच नव्हते, कुठून उमटणार! मजकूर लिहायचा असेल तर डॅश एफ देऊ नका.

जरा विषयांतर करतो. आमच्या इथे मराठी शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांना प्रमाणपत्रं द्यायची होती. नावांची यादी तयार, पार्श्वभूमी तयार. इमेजमॅजिकने नावं छापली. छपाईला देण्याआधी आईने सहज एक हातात घेतलं आणि म्हणाली, "अरे, हे निखिलचं नाव असं काय लिहिलंय?" बघतो तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडलेली, आणि 'प्राची'तला प्र सुटा, प आणि र वेगळे, मधे हलन्त. मी इतका वेळ फक्त नाव मधोमध बसलंय का तेवढंच बघत होतो. इथे जन्मलेल्या मुलांना आपण देवनागरी शिकवतो आणि त्यांच्याच प्रमाणपत्रावर त्यांचं नाव चुकीचं छापायला निघालो होतो. मला त्या रात्री झोप आली नाही.

कारण नंतर कळलं. देवनागरी लिहायला अक्षरांची जुळवणी करणारं वेगळं इंजिन लागतं. इमेजमॅजिक राक्म नावाच्या लायब्ररीसह बांधलेलं असेल तरच नेहमीच्या मजकुराची जुळवणी होते. मॅजिक डॅश व्हर्जन लिहिलं की डेलिगेट्सच्या, म्हणजे जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या, यादीत ती आहे का दिसतं. नसेल तर पँगो नावाची दुसरी लायब्ररी वापरायची. गिम्प मजकुरासाठी पँगोच वापरतो, म्हणून तिथे जोडाक्षरं बरोबर येतात. मी शेवटी गिम्पच्या स्क्रिप्टनेच सगळी प्रमाणपत्रं केली.

खडूफळा

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पायथनमधल्या पिलो लायब्ररीतही हेच आहे, राक्म नसेल तर वेलांटी चुकते.

यात भर घालते. गिम्पमध्ये गिम्प-टेक्स्ट-लेयर-सेट-लँग्वेज आहे, तिथे मराठी सांगा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, पण भाषा सांगितली तरच ते येतात. नाही सांगितली तर हिंदी वळणाचा ल उमटतो. पहिलीच्या मुलांना आपण जो ल गिरवायला देतो तोच त्यांना सगळीकडे दिसला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

टोरांटोकर

हे मला माहीतच नव्हतं! यंदाच्या प्रमाणपत्रांत करतो.

आंबोळी

दवबिंदूंचा भागाकार मी इमेजमॅजिकमध्ये करून बघितला. तिथेही डिव्हाइड आहे. पण कोणती प्रतिमा कशाने भागायची याचा क्रम उलटा झाला तर अक्षरंच गायब होतात, नुसत्या करड्या सावल्या उरतात. अर्धा तास त्यात गेला. क्रम बदलल्यावर मात्र निकाल बघून थक्क झालो. आजोबांच्या जमिनीच्या जुन्या कागदावर केलं, तलाठ्याचा शेरा पहिल्यांदा वाचता आला.

शाईदौत

मंडळी, चाललं!

काल रात्री साडेदहाला लावलं. मधे वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली आणि ४३० पानांवर थांबलं. रडू यायच्या बेतात होते. रात्रपाळींना निरोप टाकला, त्यांनी लगेच सांगितलं की फाइल-एक्झिस्ट्स नावाचं तपासणीचं फंक्शन आहे, नाव प्रश्नचिन्हासकट लिहायचं. बाहेरच्या फोल्डरमध्ये ते पान आधीच असेल तर ओलांडून पुढे जायचं. तेवढी एक ओळ घातली. वीज आल्यावर शेवटचं अर्धवट पान तेवढं काढून टाकलं आणि पुन्हा तीच आज्ञा दिली. जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं. सकाळी उठून बघते तर १,६४०.

पण दवबिंदूदादा, तुम्ही 'प्रत्येक पान वेगळं असतं' म्हणालात ते खरं निघालं. लिखाणाची पानं अप्रतिम आलीत. मुखपृष्ठं मात्र बिघडली. एका गणपतीच्या चित्रात मागे गडद निळा रंग भरलेला आहे, तो पोकळ होऊन फक्त कडांना निळा उरलाय.

दवबिंदू_७

होणारच. मोठा गडद भाग असला की ब्लरही गडदच येतो आणि तो स्वतःनेच भागला जाऊन पांढरा पडतो. ही युक्ती फक्त रेघांसाठी. चित्रांची पानं वेगळ्या फोल्डरात काढा. किती आहेत?

शाईदौत

८७.

दवबिंदू_७

मग ती ८७ माझ्याकडे पाठवा. हाताने करून देतो. पैशांचं बोलू नका.

मूळप्रत

हा धागा वाचून बरं वाटलं. ताई, आता तपासणी राहिली. १,५५३ पानं एकेक उघडून बघणं अवघड आहे. इमेजमॅजिकच्या मॉन्टाज आज्ञेने वीस-वीस पानांचे लहान तक्ते करा, तिरकं किंवा कोरं पडलेलं पान नजरेत लगेच भरतं. आणि फाइलनावांत आकड्यांआधी शून्यं भरा, नाहीतर पान २ च्या आधी पान १० येतं.

आंबोळी

शेवटी मॉन्टाजसाठी का होईना, इमेजमॅजिक आलं. समाधान वाटलं.

रात्रपाळी

पुढे हा धागा शोधत येणाऱ्यांसाठी. १६ मार्च २०२५ ला गिम्प ३.० आला. २.१० साठी लिहिलेली ही स्क्रिप्ट तिथे जशीच्या तशी चालणार नाही. आज्ञा कोणत्या भाषेत आहे ते बॅच-इंटरप्रिटर या पर्यायाने सांगावंच लागतं. बाहेर पडायला क्विट हा वेगळा पर्याय आला. प्लग-इन-अनशार्प-मास्क गेलं, त्याऐवजी जेगलचं, म्हणजे गिम्पच्या आतल्या चित्र-प्रक्रियेच्या इंजिनाचं, फिल्टर लावायचं. पायथन आता ३ आहे, आणि ज्यांना नव्याने सुरुवात करायची त्यांनी मी म्हणतो पायथनच घ्या. शाईदौतताई, तुमचं काम होईपर्यंत २.१० बदलू नका.

कंसातला_माणूस

स्कीमसाठीही चांगली बातमी आहे. ३.० मध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्क्रिप्ट-फू-यूज-व्ही३ म्हटलं की एकटी वस्तू बॉक्सशिवाय हातात मिळते. सारखं कार लिहावं लागत नाही.

सोनचाफा

ताई, आता हा मजकूर शोधता येईल असा करता येईल का? चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा टेसरॅक्ट प्रोग्रॅम मराठी वाचतो म्हणे.

मूळप्रत

छापील मराठी वाचतो. हस्ताक्षरासाठी तो बनवलेला नाही. ही पानं माणसांनाच वाचून टंकावी लागतील.

शाईदौत

टंकायला आमच्या इथल्या दहावीच्या चार मुली तयार झाल्यात. रोज दोन पानं म्हणाल्या.

तक्ते करून बघितले. नऊ पानं तिरकी निघाली, दोन पानं स्कॅन करतानाच दुमडलेली होती. ती वाचनालयात जाऊन पुन्हा करते.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक अंकाचं शेवटचं पान कोरं आहे असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. स्कॅन करायचं तरी कशाला, असंही आमच्यात बोलणं झालं होतं. भागाकारानंतर त्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीच्या नोंदी वर आल्यात. कुणाच्या घरी अंक कधी गेला, कधी परत आला. 'वाचला' असं लिहून खाली आद्याक्षरं. १९५७ च्या एका अंकावर तेवीस घरं आहेत, आणि एका ठिकाणी 'कविता पुन्हा वाचायची आहे, दोन दिवस जास्त ठेवते' असं लिहिलंय. खाली सही नाही.

आजींना उद्या दुपारी दाखवणार आहे. ते अक्षर कुणाचं ते कदाचित त्यांना ओळखता येईल.

कंसातला_माणूस

स्क्रिप्ट इथे टाकाल का? आमच्या तालुक्याच्या वाचनालयातही असे गठ्ठे आहेत.

शाईदौत

टाकते. आज रात्री प्रत्येक ओळीपुढे मराठीत टीप लिहून घेते, म्हणजे नवीन माणसालाही कळेल. फक्त पत्ते आपापल्या फोल्डरांचे घाला.